जुन्या कूलरच्या सांगाड्यात बॉल पायथन राहील का?

वाचकाचा प्रश्न: नागपुरात मानेवाड्याकडे राहणाऱ्या २३ वर्षांच्या एका वाचकाचं हे पत्र आहे. नोकरीसाठी बंगळूरला जाताना त्याच्या मित्राने दीड वर्षाचा बॉल पायथन याच्याकडे ठेवला. सध्या तो साप भाजीच्या क्रेटमध्ये, वरून जाळी बांधून ठेवलेला आहे. दुकानातल्या तयार काचेच्या पेटीचा भाव परवडणारा नाही. हाताशी ३ हजार रुपये आहेत. गच्चीवर जुन्या कूलरचा पत्र्याचा सांगाडा पडलेला आहे. त्याला जाळी मारायची, आत १०० वॉटचा बल्ब लावायचा आणि गच्चीवरच्या खोलीतच ठेवायचा, कारण आजी सापाचं नाव काढलं तरी घाबरते, असा त्याचा बेत आहे. त्यातच दहावीतल्या धाकट्या भावाने काटोलजवळच्या मामांच्या संत्र्याच्या बागेतून धामणीचं पिल्लू आणलं. "बिनविषारीच आहे. कूलरच्या मधोमध प्लायवूड मारून एका खर्चात दोघांची सोय होईल का?" असं तो विचारतो.

प्रिय मित्रा,

तुझा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण त्याला थांबायला वेळ नाही. धामणीचं पिल्लू आज-उद्याकडे मामांच्या बागेत परत गेलं पाहिजे. बिनविषारी साप पाळायला हरकत नाही, असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने धामण संरक्षित आहे आणि तिला पकडून घरात ठेवणं गुन्हा आहे, पेटी कितीही उत्तम असली तरी. घोरपड, मांडूळ, आपल्याकडचा अजगर यांचंही तेच. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी धामण पेटीत रमत नाही. ती दिवसाची हिंडणारी, झाडावर चढणारी, सहा-सात फुटांपर्यंत वाढणारी. पेटीत ती काचेवर तोंड आपटून घेते. मामांच्या बागेत ती उंदीर खाते, तेव्हा तिचं तिथे असणं मामांच्याही फायद्याचं आहे.

आणि ती धामणच आहे हे कुणी ठरवलं? पिल्लांच्या बाबतीत तर मोठी माणसंही चुकतात. धामण समजून नाग आणि कवड्या समजून मण्यार हाताळल्याने माणसं दगावली आहेत. भावाने आता त्या डब्याचं झाकणही उघडायचं नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन कर किंवा तुमच्या भागातल्या ओळखीच्या सर्पमित्राला बोलाव. कुणाला चावलंच, तर जखम कापणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं यातलं काहीही न करता थेट मेडिकल किंवा मेयो रुग्णालय गाठायचं. भावाला मात्र रागावू नका. साप दिसल्यावर काठी न उचलता डबा शोधणारा मुलगा आहे तो. त्याला कुणी जाणकार भेटला तर त्याची ही ओढ चांगल्या वाटेला लागेल.

आता पायथनकडे वळू. मित्राने साप दिला, कागद दिले का? बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या 'सायटीस' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तो आहे. २०२२ च्या दुरुस्तीने अशा प्रजाती आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंद केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. प्राणी एकाकडून दुसऱ्याकडे गेला तरी ते कळवावं लागतं. मित्राकडे नोंदणी असेल तर ती तुझ्या नावावर कशी करायची, आणि नसेल तर आता काय करायचं, हे सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात जाऊन विचार. इतर जिल्ह्यांतल्या लोकांना ज्या कार्यालयासाठी प्रवास करावा लागतो ते तुझ्याच गावात आहे. पेटीचा पहिला खिळा त्यानंतर.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात कूलर आहे, बल्ब आहे, खर्च आहे, पण हा साप तुला हवा आहे असं एकही वाक्य नाही. मित्राला नाही म्हणता आलं नाही, असं मला वाचताना वाटलं. माझा अंदाज चुकीचा असेल तर सोडून दे. पण बॉल पायथन नीट सांभाळला तर २०-३० वर्षं जगतो. तुझी बदली, तुझं लग्न, उद्या तुझ्या मुलाची दहावी, या सगळ्यात तो घरात असणार. मनापासून तयारी नसेल तर मित्राला आत्ताच फोन करून सांग, की तुझा साप परत ने किंवा वनविभागाशी बोलून त्याची सोय कर. यात कमीपणा काही नाही. कंटाळून त्याला अंबाझरीच्या काठी किंवा गोरेवाड्याच्या जंगलात सोडून येणं, एवढं मात्र कधी करायचं नाही. परक्या मुलखातला, पेटीत वाढलेला साप तिथे थंडीत किंवा उपाशी मरतो, आणि मेला नाही तर त्याच्या अंगावरचे रोग आणि गोचिड्या इथल्या सापांना लागतात.

ठेवायचं नक्की असेल तर पुढचं वाच. कमी पैशात चांगली पेटी होते, हे मी तुला खात्रीने सांगते. फक्त पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, याची तुझी मांडणी उलटी झाली आहे.

सापाच्या पेटीबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेलं असतं. तिथे सगळी चिंता ऊब देण्याची. तूही तेच धरून बल्बपासून सुरुवात केलीस. आपण नागपुरात राहतो. २३ मे २०१३ रोजी इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. बॉल पायथनला पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश लागतात. ऊब हवी तेव्हा तो इकडे येतो, नको तेव्हा तिकडे जातो. स्वतःच्या अंगाचं तापमान राखायचा त्याच्याकडे दुसरा उपाय नाही. सलग ३५ च्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो आणि चाळिशीत तो जिवाला मुकतो. रानात तो वाळवीच्या वारुळात, उंदरांच्या बिळात शिरून ऊन टाळतो. स्लॅबखालच्या गच्चीवरच्या खोलीत, पत्र्याच्या डब्यात, वर बल्ब, हे म्हणजे त्या बिळाच्या नेमकं उलट. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला बल्ब किंवा हीटर आपोआप बंद-चालू करणारं यंत्र, फार तर बल्ब बंद करेल. तापलेल्या स्लॅबचं तो काहीच करू शकत नाही.

म्हणून पेटीच्या आधी खोली ठरव. तळमजल्यावरची, उत्तरेची किंवा पूर्वेची, पश्चिमेच्या भिंतीला न लागलेली, आणि जिथे उन्हाळ्यात घरचा कूलर चालतो अशी खोली. कूलरचा झोत थेट पेटीवर नको, पण त्या खोलीची हवा त्याला मानवते. इथल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत सापाची कात नीट निघत नाही, तुकड्यातुकड्यांनी अडकते, डोळ्यांवरचा पापुद्रा तसाच राहतो. त्याला साधारण ५५ ते ७० टक्के आर्द्रता हवी. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्याला भोक पाडून आत ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलं की कात टाकण्याच्या दिवसांत तो आपणहून तिथे जाऊन बसतो. पावसाळ्यात उलट काळजी: तळ ओला राहिला तर पोटाखालचे खवले चिघळतात. तेव्हा पाणी शिंपडणं बंद कर आणि बुरशी आलेलं कोकोपीट लगेच बदल.

मे महिन्याच्या दुपारी वीज गेली तर काय, हे आजच ठरवून ठेव. बर्फाच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पेटीच्या बाहेरून, थंड टोकाच्या भिंतीला लावायच्या. आत ठेवायच्या नाहीत.

आता तुझा कूलर. तो नको. पत्रा उन्हात तापतो, थंडीत गार पडतो, कापलेल्या कडा धारदार असतात आणि गंज धरतो. तिन्ही बाजूंच्या उघड्या जागांना जाळी मारलीस तर साप रात्रभर तिच्यावर नाक घासतो. काही आठवड्यांत नाकाचा शेंडा सोलून निघतो आणि ती जखम लवकर भरत नाही. आताच्या क्रेटवरच्या जाळीचंही तेच आहे. आज रात्री त्याचं नाक एकदा बघ.

त्याऐवजी घरात, नातेवाइकांकडे किंवा कबाड्याकडे जुनं टीव्ही युनिट शोध. पूर्वीचे टीव्ही मागे फुगीर असायचे, म्हणून ती युनिटं चांगली दीड-दोन फूट खोल आणि चार फूट लांब केलेली असत. भिंतीवरचे टीव्ही आले आणि ती अडगळीत गेली. पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला चार फूट लांब, दोन फूट खोल आणि दोन फूट उंच एवढी जागा द्यावी असं आता जाणकार मानतात. म्हणजे तयार माप तुझ्यासमोर येतं. लाकूड ऊब धरून ठेवतं, तीन बाजू बंद असल्यामुळे या लाजाळू जनावराला आडोसा मिळतो, आणि आतून सनमायका असेल तर पाणी मुरत नाही. एकच गोष्ट नक्की विचार: त्यावर कधी वाळवीचं औषध मारलं होतं का? मारलं असेल तर ते युनिट फुकट मिळालं तरी घेऊ नकोस. तसं काहीच मिळालं नाही तर लकडगंजमध्ये प्लायवूड मापाने कापून घे. कोऱ्या प्लायला आतून पाण्यात मिसळणारं पॉलियुरेथेनचं वॉर्निश दोन-तीन हात दे आणि वास पूर्ण जाईपर्यंत, दहा-पंधरा दिवस तरी, उघडं ठेव. सांध्यांवर सिलिकॉन भर. ओलं असताना त्याला व्हिनेगरसारखा वास येतो. तो गेल्याशिवाय साप आत जायचा नाही.

पुढच्या बाजूला शोकेसला असतात तशा सरकत्या काचा. काचवाल्याकडून कडा घासून घे. दोन काचा एकमेकींवर येतात तिथे उभी फट राहते, तिला रबरी पट्टी लाव. शोकेसचं दातेरी कुलूप हवंच, कारण बॉल पायथन दिसतो सुस्त, पण नाकाने काच सरकवतो. हवेसाठी एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर भोकं पाड, त्याच्या डोक्यापेक्षा बरीच लहान, आणि आतली कड कानशीने घासून गुळगुळीत कर. आत दोन लपायच्या जागा, एक उबेकडे, एक गारव्याकडे. मातीचं मडकं अर्धं फोडून कडा घासल्या तरी चालतं, मात्र आतली जागा त्याच्या वेटोळ्याला बेताची होईल एवढीच असावी. एकच लपण ठेवलं तर तो बिचारा भीती आणि उष्णता यांतलं एक निवडत बसतो. तळाला कोकोपीट किंवा जुनी वर्तमानपत्रं. देवदार, चीड यांचा भुसा नको, त्याच्या तेलाचा वास सापाच्या फुफ्फुसांना सोसत नाही. तो आत बसला तरी उलटणार नाही असं पाण्याचं जड भांडं हवं.

युनिट मिळायला वेळ लागला तर तोवर पलंगाखाली सरकवतात तसा क्लिपांचा लांबट प्लास्टिकचा डबा घे. दीड वर्षाच्या सापाला काही महिने तो क्रेटपेक्षा कितीतरी बरा. तापलेल्या सोल्डरिंग गनने भोकं आतून बाहेर पाड, म्हणजे खरखरीत कड बाहेर राहील. या डब्यात बल्ब कधीही नाही.

३ हजारांतले सगळ्यात आधी वेगळे काढायचे ते थर्मोस्टॅटचे. अंडी उबवायच्या यंत्राला लावतात तो डिजिटल कंट्रोलर चालतो आणि तो बहुधा हजाराच्या आत मिळतो. पेटी हव्या तितक्या भंगारातून कर, पण ही एक वस्तू नवी आणि चांगली घे. माझ्याकडे आजवर भाजलेल्या सापांची जी पत्रं आली, त्यांत बहुतेक ठिकाणी हीटर होता आणि थर्मोस्टॅट नव्हता. सापाला पोटाखालची झळ वेळेवर कळत नाही. तो तिथेच बसून राहतो आणि सकाळी खवल्यांवर फोड दिसतात. बल्बऐवजी उजेड न पडणारा सिरॅमिक हीटर घे. तो चिनी मातीच्या होल्डरमध्येच लावायचा, प्लास्टिकचा होल्डर वितळतो. भोवती जाळीचा पिंजरा हवा, म्हणजे साप त्याला वेटोळं घालणार नाही. सेन्सरची तार उबेच्या टोकाला, सापाला हलवता येणार नाही अशी पक्की कर. ती निसटून पाण्याच्या भांड्यात पडली तर थर्मोस्टॅटला वाटतं गार आहे, आणि हीटर तापतच राहतो. वायरिंग ओळखीच्या वायरमनकडून, अर्थिंगसह करून घे. हा खर्च लाकडाच्या पेटीत वाचवण्यासारखा नाही.

थर्मामीटर दोन घे, दोन्ही टोकांना एकेक. मे २०२४ च्या शेवटी आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि मग सेन्सरच बिघडल्याचं हवामान खात्याने सांगितलं, हे तुला आठवत असेल. घरातल्या सेन्सरचंही तसं होतं. दोन्ही थर्मामीटर महिन्यातून एकदा शेजारी ठेवून आकडे जुळतात का पाहा. हीटरची खरी गरज तुला डिसेंबर-जानेवारीत पडेल. २०१८ च्या डिसेंबरात इथे ३.५ अंशांपर्यंत पारा उतरला होता, अशा रात्री त्याच्याशिवाय साप तगणार नाही. मार्चपासून जूनपर्यंत तो बहुतेक दिवस बंदच राहील.

आजीबद्दल तू एका ओळीत लिहिलंस, मला त्यावर थोडं थांबायचं आहे. गच्चीची खोली तू सापासाठी निवडली नाहीस, आजीच्या भीतीसाठी निवडलीस. भीती समजण्यासारखी आहे. त्यांच्या पिढीने शेतात साप चावून माणसं गेलेली पाहिली आहेत. त्यांना "काही करत नाही गं तो" असं सांगून उपयोग नाही. पेटी तयार झाली की कुलूप लावून, साप आत नसताना, त्यांना दाखव. कुलपाची एक किल्ली त्यांच्या ताब्यात दे. अंगणात, स्वयंपाकघरात साप कधीही आणणार नाहीस असा शब्द दे आणि पाळ. त्या नागपंचमीला दूध ठेवत असतील तर वाद घालू नकोस, फक्त पेटीत ठेवू देऊ नकोस. साप दूध पचवू शकत नाही.

खाण्याचंही घरी आधीच बोलून घे. तो उंदीर खातो. गोठवलेले, मग कोमट पाण्यात ठेवून सैल केलेले. जिवंत उंदीर सोडायचा नाही. त्यात उंदराचे हाल होतात आणि उंदीरही सापाला चावून जबर जखमी करतो. मित्र ते कुठून आणायचा, हे कागदांबरोबरच विचारून घे. पण ते आईच्या फ्रिजमध्ये, पनीरच्या शेजारी ठेवता येणार नाहीत. जंतूंच्या दृष्टीनेही नाही आणि घरातल्या शांततेच्या दृष्टीनेही नाही. छोटा वेगळा फ्रीझर किंवा ज्यांच्याकडे तो आहे अशा दुसऱ्या पाळणाऱ्याशी वाटणी, याचा विचार पेटीच्या खर्चातच धर. सापाला, पेटीला हात लावला की साबणाने हात धुवायचे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा जंतू असतो आणि म्हाताऱ्या माणसांना तो जास्त बाधतो. पेटीजवळ डासांची कॉइल, फिनेल, डांबरगोळ्या नकोत. आणि काही आठवडे त्याने खाल्लं नाही तर घाबरू नकोस, हा साप उपास करतो. वजन मात्र लिहून ठेव. वजन उतरायला लागलं तर सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखव.

याच महिन्यात इग्वाना आणि बिअर्डेड ड्रॅगनच्या पेटीविषयीही काही पत्रं आली. त्यांना एवढंच सांगते, की वर लिहिलेली पेटी दिवसा हिंडणाऱ्या सरड्यांना जशीच्या तशी चालत नाही. त्यांना यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी ट्यूब लागते, आणि ती काचेच्या किंवा प्लास्टिकच्या मागे लावली तर निरुपयोगी, कारण ते किरण त्यातून पार जात नाहीत. फार वर्षांपूर्वी आमच्या घरी एक इग्वाना आला होता. खिडकीच्या काचेतून भरपूर ऊन येतं म्हणून आम्ही निर्धास्त होतो. वर्षभरात त्याचा जबडा मऊ पडला, मागचे पाय वाकले. त्याला त्या काचेतून आवश्यक ते काहीच मिळत नव्हतं, हे कळेपर्यंत उशीर झाला होता. तो गेला, आणि मला अजून त्याची फांदी धरायची धडपड आठवते. ट्यूब पेटत असली तरी वर्षाच्या आत बदलायची, लावल्याची तारीख तिच्यावरच मार्करने लिहायची. आणि इग्वाना शेपटीसह पाच-सहा फुटांचा होतो, त्याला कपाट नाही, जवळजवळ एक खोली लागते. जिथे ती नाही तिथे तो आणू नये.

तर मित्रा, पाडव्याच्या आत पेटी उभी कर, म्हणजे उन्हाचा तडाखा सुरू व्हायच्या आधी तिची परीक्षा होईल. साप आत सोडायची घाई नको. रिकामी पेटी, आत पाणी, कोकोपीट, हीटर, थर्मोस्टॅट सगळं जागच्या जागी लावून सात दिवस ठेव. रोज पहाटे, दुपारी ३ ला आणि रात्री झोपताना दोन्ही टोकांचे आकडे वहीत मांड, एक दिवस हीटर बंद ठेवूनही मांड. ते पान मला पाठव. गारव्याच्या टोकाचा दुपारचा आकडा २८ च्या वर जात असेल तर पेटीत बदल करण्याआधी आपल्याला खोली बदलावी लागेल.